छपराखालचे मैदान

८ जानेवारी १९५६

नागपूरचे शारीरिक शिक्षणाचे शिबिर आटोपून काल परतलो. सात दिवसांपैकी पाच दिवस बैठका कशा माराव्यात यातच गेले. पण सहाव्या दिवशी व्याख्यात्यांनी एक चित्र दाखवले आणि माझी झोप उडाली. कुठल्याशा थंड मुलुखातले चित्र होते. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत छपराखाली पोरे फुटबॉल खेळताहेत. कोरडी, हसरी, केस विंचरलेली पोरे. व्याख्याते म्हणाले, "होतकरू खेळाडू घडतो तो छपराखाली. उघड्यावर नुसता दंगा होतो."

वाक्य वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात आमची चिचटोला मिडल स्कूलची पोरे डोळ्यांपुढे आली आणि हेडमास्तर म्हणून माझी मान खाली गेली.

आमची पोरे उघड्यावर खेळतात, तीही पावसाळ्यात, तीही अनवाणी. त्यांना खेळवतो कोण, तर लालसू. हा आलापल्लीकडचा माडिया गडी, इथल्या लाकूड डेपोवर सागाचे ओंडके चढवतो. तरुणपणी कामठीच्या छावणीत कुणा साहेबाचे घोडे धूत होता, तिथे फुटबॉल शिकला म्हणे. प्रमाणपत्र विचारले तर हसतो. त्याची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. आषाढात धानाच्या रोवण्याआधी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी साचवून चिखल करावा लागतो. लालसू त्या पाण्याने भरलेल्या बांधीत चेंडू टाकतो आणि पोरांना सोडतो. घटकाभरात चिखल लोण्यासारखा मऊ. आता तर शेतकरी बैल राखून ठेवतात आणि शाळेची टीम बोलावतात! गेल्या पावसाळ्यात पोरांनी अकरा बांध्या तुडवल्या आणि चांद्याच्या जिल्हा सामन्यांत दुसरा नंबर आणला.

चिखलातून दुसरा, तर छपराखालून कितवा येईल? विचार करतो आणि अंगावर काटा येतो.

१३ जानेवारी

सरपंच मनसारामजींना योजना ऐकवली. पंचक्रोशीतले धान हेच खरेदी करतात, म्हणजे गडी व्यवहारातला. मला वाटले, हसून वाटेला लावतील. उलट उठून बसले. पानसुद्धा थुंकून आले.

"छप्पर कवेलूचं करा गुरुजी, गळाले नाई पाहिजे. आन जोतं कमरेइतकं उंच. उंदीर चढाले नाई पाहिजे."

उंदरांचा विचार शिबिरात कुणी केला नव्हता. मी लगेच टिपून घेतले: कौले, उंच जोते. दार इतके रुंद हवे की भरली बैलबंडी थेट आत जावी, असेही ते म्हणाले. मी विचारले, बंडी कशाला? म्हणाले, "बाहेरची टीम येईल तं बंडीनंच येईल का नाई? पाहुण्यायले दारात उतरवता का?" खिडक्या नकोत म्हणाले, वाऱ्याने चेंडू वाकडा जातो. माणूस चौथी शिकलेला, पण खेळाची समज किती खोल!

विकास खंडातून मदत आणण्याचे त्यांनी कबूल केले. साग जंगल खात्याकडून सवलतीने मिळेल. बाकी श्रमदान.

जागेचा प्रश्न उरला होता, तोही सुटला. गावात बांधी आणि त्यांच्यामधले धुरे सोडले तर सपाट जागा एकच आहे, ती म्हणजे पोरांचे मैदान.

घरी येऊन बायकोला, ताराला सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"मंग पोट्टे खेळतील कुठी?"

"आत."

"आन मैदान?"

"मैदानच तर आत जाणार आहे."

तिने सूप खाली ठेवले, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि पुन्हा सूप घेतले.

२१ जानेवारी

गोकुळाबाई ढिवरीण घरी आली होती. तिचा इसरू म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड. सहावीत आहे, येत्या जुलैत सातवीत जाईल. बाई तळ्यात मासोळी धरते, वडशाच्या बाजारात विकते, नवरा नाही. आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. पुढे शिकायचे तर चांदा. आता, जिल्हा सामन्यांत सातवीतली दोन पोरे निवडतात आणि त्यांना चांद्याच्या वसतिगृहात फुकट ठेवून हायस्कुलात घालतात. गेल्या वर्षी इसरूचा खेळ पाहून तिथला एक पंच म्हणाला होता, "हा सहावीत कशाला आहे?"

"गुरुजी, लालसूभाऊ म्हनते का पोट्टा बांधीतच तयार होते. तुमी म्हनता घर बांधतो. मले काई समजत नाई. मायं पोट्टं चांद्याले गेलं पाहिजे, बस."

मी तिला चित्राबद्दल सांगितले, बर्फाबद्दल सांगितले. म्हणालो, "गोकुळाबाई, इसरूची जागा पक्की समजा. हा माझा शब्द."

जाताना पदराखालून एक मरळ काढून ताराच्या हातात दिली. मरळ चांगली हातभर होती. ताराने झणझणीत केली. दोन वेळा भात घेतला.

४ मार्च

श्रमदान सुरू. जोते कमरेइतके उंच म्हणजे माती फार लागते. ती मैदानाच्या उरलेल्या भागातूनच खणली, त्यामुळे वाहतुकीचे कष्ट वाचले. आता तिथे खड्डा झाला आहे. सहावी-सातवीची पोरे डोक्यावर टोपल्या घेऊन धावतात. याने मान बळकट होते आणि चेंडू डोक्याने मारायला सोपे जाते, असे मी त्यांना समजावले. इसरूने सगळ्यांत जास्त टोपल्या वाहिल्या. त्याला घाई आहे.

३० एप्रिल

सुताराने घोळ घातला. म्हणतो, एवढ्या रुंद छपराला मधे खांब पाहिजेतच, नाहीतर पहिल्याच पावसात बसेल. आठ खांब! सागाचे, कवेत न मावणारे, दोन रांगांत. शिबिरातल्या चित्रात एकही खांब नव्हता.

दोन दिवस जेवण गेले नाही. आज पहाटे तळ्यावर तोंड धुताना एकदम उलगडा झाला. खांब म्हणजे प्रतिपक्षाचे खेळाडू! पोरांनी चेंडू घेऊन त्यांना हुलकावणी द्यायची. इतर शाळांना सरावासाठी विरुद्ध बाजू शोधावी लागते. आमच्याकडे ती कायमची उभी राहणार.

२४ जून

क्रीडागृहाचे उद्घाटन झाले. विकास खंडाचे साहेब आले होते. मनसारामजींनी नारळ फोडला आणि भाषणात म्हणाले की गावाची तीस वर्षांची अडचण आज दूर झाली. गावात फुटबॉल येऊन सहाच वर्षे झाली आहेत, पण उत्साहात माणूस बोलून जातो.

आतून पाहिले की ऊर भरून येतो. साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद. चारी बाजूंना सागाच्या फळ्या, अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावे. एका वेळी पाच पोरे मावतात. बाकीची दारात रांगेने उभी राहून नियम पाठ करतील.

लालसू मागे उभा होता. भिंतीवर थाप मारून पाहिली, खांबाला हात लावला. "साग अच्छा हाय," म्हणाला. मी त्याला हळूच सांगितले की यापुढे खेळ शास्त्रीय पद्धतीने चालेल, तेव्हा त्याने येण्याची तसदी घेऊ नये. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "गुरुजी, खांब तं कुठी जात नाई. पोट्ट्याले जो पळते, त्याच्यासंगं खेळा लागते."

शिकलेला नाही, काय करणार. तरी त्याला जाताना पाहून वाईट वाटले. सहा वर्षे पोरे सांभाळली त्याने.

१२ जुलै

बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही कोरडे. बर्फाची तेवढी उणीव.

दोन शेतकरी भांडायला आले होते. टीम बांधीत काऊन नाई पाठवली, बैल कोठून आणाचे. मी सांगितले, खेळाडू आणि बैल यांत फरक असतो. एक म्हणाला, "हाव, बैलाले छप्पर नसते."

२ ऑगस्ट

पोरांनी एक शोध लावला आहे आणि मी थक्क झालो आहे. समोर खांब आला की चेंडू सरळ भिंतीवर मारायचा. सागाच्या फळीवरून तो असा नेमका परततो की पोर खांबाला वळसा घालून गेले की चेंडू पायाशी हजर! इसरू तर डोळे मिटून करतो. आता पोरे एकमेकांना पास देतच नाहीत. भिंत चुकत नाही, जोडीदार चुकतो. मी या तंत्राला 'भित्तिपास' असे नाव दिले आहे. यावर एक लेख लिहावा म्हणतो.

तारा डबा द्यायला आली होती. घटकाभर पाहत उभी राहिली.

"चांद्याच्या मैदानाले भित आहे का जी?"

बायकांना खेळातले बारकावे कळत नाहीत.

१९ ऑगस्ट

पाऊस. सराव. पाऊस.

११ सप्टेंबर

इसरूने विचारले, "गुरुजी, एक दिवस बांधीत खेळू का? पाय इसरून राह्यले."

परवानगी दिली नाही. सर्दीपडसे झाले तर सामन्यांचे काय? हिरमुसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "चांद्याला गेल्यावर मला पत्र लिहायचे, बरे का." हसला. त्याला पाहिले की मलाच वसतिगृहात जागा मिळाल्यासारखे वाटते.

२७ सप्टेंबर, चांदा

लिहावेसे वाटत नाही, पण लिहितो.

वडशाहून छोट्या गाडीने परवा आलो. आज पहिला सामना ब्रह्मपुरीच्या एका शाळेशी. सकाळपासून पाऊस, मैदान म्हणजे एक मोठी बांधी. गेल्या वर्षी याच चिखलात आमची पोरे माशासारखी सुळसुळ फिरली होती. आज पहिल्या पाच मिनिटांत सातजण पडले. उठले आणि पुन्हा पडले.

मग इसरूला चेंडू मिळाला. समोर एक धिप्पाड पोर आले. इसरूने झकास हुलकावणी दिली, पण ते पोर खांबासारखे उभे राहिले नाही, त्याच्याबरोबर वळले. इसरू क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला, एखादे झाड चालायला लागावे तसा. आणि मग त्याने डावीकडे, जिथे कुणीच नव्हते तिथे, जोरात चेंडू मारला आणि स्वतः पुढे धावला. चेंडू रेषेबाहेर गेला, कुंपणाखालून गेला, रस्त्यावर गेला. इसरू गोलपाशी पोचून मागे वळला आणि पाय पुढे करून वाट पाहत उभा राहिला.

लोक हसले. मग दुसऱ्याने तेच केले. मग तिसऱ्याने. अर्ध्या सामन्यानंतर लोक बाहेर जाणारा चेंडू झेलायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

सात शून्य.

संध्याकाळी सगळे सामने संपल्यावर निवड झालेल्या पोरांची नावे वाचताना इसरू माझ्या शेजारी उभा होता. दोन नावे वाचली. तिसरे असेल म्हणून तो थांबून राहिला.

मला शरम वाटली. खरोखर शरम वाटली.

५ ऑक्टोबर

पराभवाचा शांतपणे विचार केला. कारणे स्पष्ट आहेत. आमचे तंत्र पुढचे, मैदान मागासलेले. चांद्याच्या मैदानाला भिंती नाहीत, हे मी वरिष्ठांना सविस्तर कळवले आहे. निदान दोन लांब बाजूंना सागाच्या फळ्या बसवाव्यात.

पत्र टाकून आल्यावर हलके वाटले. पण रात्री ताराने ताट माझ्यापुढे ठेवले आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

१ नोव्हेंबर

आजपासून आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. शाळेत सभा घेतली. माझे चांद्याच्या भिंतींबद्दलचे पत्र आता कुठल्या राज्यात आहे, कुणास ठाऊक.

१० डिसेंबर

मनसारामजींचे धान कापून आले. त्यांच्या कोठारात जागा नाही. आठ दिवसांसाठी क्रीडागृह मागितले. नाही कसे म्हणणार? बंड्या थेट आत गेल्या. दार नेमके पुरले.

६ फेब्रुवारी १९५७

आठ दिवस अजून चालूच आहेत. मधे मंडईची जत्रा झाली, नाटकवाल्यांचे पडदे आणि पेट्याही तिथेच ठेवल्या. मी विचारले तेव्हा मनसारामजी म्हणाले, "गुरुजी, धान काय दंगा करते का? चूप बसून राह्यलं हाय." खरे आहे.

एक खांब तेवढा पोत्यांबाहेर मोकळा दिसतो. दरवाजातून बघितले की वाईट वाटते.

२ मे

सातवीचा निकाल. इसरू शाळेत पहिला. मी गोकुळाबाईकडे स्वतः सांगायला गेलो. ती जाळे विणत होती. म्हणाली, "पयला आला? बरं झालं." मग विचारले, "आता पुढं काय, गुरुजी?"

मी म्हणालो, काही ना काही बघतो. दारातून निघालो तेव्हा इसरू अंगणात उभा होता. त्याने काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

२० जून

शब्द पाळला! क्रीडागृहात धान असल्याने पंचायतीला चौकीदार हवा होता. मी इसरूचे नाव सुचवले, मनसारामजींनी मानले. खाकी सदरा, किल्ली, शिट्टी. सदरा गुडघ्यापर्यंत येतो, पण पोर वाढीचे आहे. काम एवढेच की गावातली पोरे आत शिरून भिंतीवर चेंडू मारतात आणि पोती फाटतात, त्यांना हाकलायचे. मनसारामजींच्या सांगण्यावरून मी दारावर पाटी रंगवून दिली: 'आत खेळण्यास सक्त मनाई'. अक्षर चांगले आले आहे.

११ जुलै

सकाळी गोकुळाबाई आली. या वेळी दोन मरळी होत्या.

"गुरुजी, पोट्ट्याले कामावर लावलंत. तुमच्यानं झालं हे. लालसूभाऊच्या नादी लागलं असतं तं चिखलातच राह्यलं असतं."

मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. टोमणा असावा असे वाटले. नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर तरी दिले असते.

ती गेल्यावर तारा म्हणाली, "ह्या मासोळ्या मी नाई रांधत." आणि टोपलीखाली झाकून ठेवल्या.

दुपारी मुंबईहून छापील पत्रक आले. क्रीडागृहाची लांबी, रुंदी, खर्ची पडलेले श्रमदान, सगळे भरले; जोत्याची उंची तेवढी राहिली. शेवटचा रकाना असा: 'सदर सोयीमुळे किती होतकरू खेळाडूंचा विकास झाला? नावे द्यावीत.' विचार करून 'एक' असे लिहिले. नोकरी लागणे हा विकासच आहे. नाव नंतर लिहू म्हटले, आणि जोत्याची उंची मोजून घ्यायला दिवस मावळायच्या आधी क्रीडागृहाकडे निघालो.

वाटेत बांधीवर अर्धे गाव जमले होते. लालसू पुन्हा पोरे घेऊन चिखलात उतरला आहे. सहावीतली नवी पोरे, ओळखू येत नाहीत इतकी माखलेली. पडतात, उठतात, एकमेकांच्या नावाने ओरडतात, पास देतात. धुऱ्यावर बसलेल्या लालसूने मला पाहिले आणि बाजूला सरकून जागा करून दिली. मी बसलो नाही. काम होते.

क्रीडागृहाला कुलूप नव्हते. आतून धप्प, धप्प असा आवाज येत होता. दार लोटले. पोती आढ्यापर्यंत लागलेली, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला भिंतीचा हातभर तुकडा उघडा. इसरू अंगातला खाकी सदरा कमरेला बांधून त्या तुकड्यावर चेंडू मारत होता. दर वेळी चेंडू सरळ त्याच्या पायाशी परत येत होता. एकदाही चुकला नाही.

"शाब्बास," माझ्या तोंडून निघून गेले. "सराव सोडला नाहीस."

तो थांबला. घाम पुसला.

"सराव नोहे, गुरुजी. चांद्यात मी जो पास देल्लो तो वापस नाई आला." चेंडू पायाने हळूच दाबत म्हणाला, "इथी वापस येते."

बाहेरून बांधीतला आरडाओरडा ऐकू येत होता. म्हणालो, "जा की तिकडे. लालसू आहे."

"पोती सोडून कसा जाऊ?"

मग त्याची नजर दाराकडे, माझ्या पाटीकडे गेली. त्याने चेंडू उचलला, सदऱ्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. "तुमाले वाटलं असंल का चौकीदारच खेळून राह्यला. आता नाई खेळत." सदरा पुन्हा घातला, गुंड्या लावल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

जोत्याची उंची मोजायची राहिली.

चेंडू घेऊन घरी आलो. तो समोर टेबलावर आहे. ताराने दिवा जवळ आणून ठेवला. पत्रक पुढ्यात आहे. 'एक' लिहिले आहे, त्याच्यापुढे नाव लिहायचे आहे. तीन अक्षरे आहेत. लिहवत नाहीत.